लठाड सरांनी शाळा सोडली

लठाड सरांच्या पिशवीत साबणाची डबी असायची. शाळेत आले की पिशवी स्टाफरूमच्या खिडकीत ठेवायची, डबी काढायची आणि सरळ हापशीवर जायचं, हा त्यांचा क्रम. हात धुवायचे ते निवांत, नखं एकमेकांवर घासून. मधल्या सुट्टीत चहाच्या आधी पुन्हा एकदा. धुणं मात्र मनगटापर्यंतच. शर्टाच्या बाह्या त्यांनी कधी वर केल्या नाहीत. मार्चच्या उन्हात आम्ही सगळे वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत असू, तेव्हाही त्यांच्या बाह्यांची बटणं लावलेलीच. आम्हाला वाटायचं, माणूस जरा सोवळ्यातला आहे. कधीकधी त्यांच्या कपड्यांना एक उग्र वास यायचा, रॉकेलसारखा, पण रॉकेलचा नव्हे. तो कसला, हे कळायला मला चार वर्षं लागली.

शाळा वाशीमहून रिठदकडे जाताना लागणाऱ्या एका गावात होती. गावाचं नाव सांगत नाही, कारण शाळा अजून आहे आणि त्यातली बरीचशी माणसंही आहेत. मी मराठी शिकवायचे, देविदास लठाड आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान. शाळा विनाअनुदानित. म्हणजे सरकारची परवानगी होती, मुलं होती, हजेरी होती, दहावीचा निकालही लागत होता. फक्त शिक्षकांना पगार नव्हता. आज ना उद्या अनुदान येईल आणि त्या दिवशी यादीत ज्यांची नावं असतील ते कायम होतील, या आशेवर सगळे शिकवत. दर हिवाळ्यात नागपूरला अधिवेशन भरलं की कोणीतरी बातमी आणायचं, यंदा नक्की. माझ्या मिस्टरांची बँकेत नोकरी होती, म्हणून मला ती आशा परवडत होती. इंग्रजीच्या सरांची शेती होती, पीटीच्या सरांचं झेरॉक्सचं दुकान. लठाड सरांचं कसं चालतं, हे कोणी विचारलं नव्हतं. असले प्रश्न आम्ही एकमेकांना विचारत नसू.

त्यांच्याबद्दल ठाऊक होतं ते एवढंच: घर अनसिंगकडच्या एका खेड्यात, आई लहानपणीच गेलेली, वडील शेती करतात, आणि हे वाशीममध्ये खोली घेऊन राहतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला मावसभावाकडे जातात. वय चौतिशीच्या आसपास, लग्न झालेलं नाही.

शिकवायचे हळू. वर्तुळ काढताना फळ्यावर सुतळीचा तुकडा धरायचे आणि ते वर्तुळ असं बंद व्हायचं की सांधा दिसत नसे. मुलांवर हात उगारल्याचं मला आठवत नाही. एखादं पोरगं फळ्यापुढे घाबरून भलतंच लिहायला लागलं की म्हणायचे, "थांब. पहिले मेन कॉक बंद कर." पोरगं खडू खाली करायचं. मग ते म्हणायचे, "पाणी चालू ठेवून गळती सापडत नाही. आता पाहा, कोणत्या ओळीत चुकलं." मुलं आपसात हे वाक्य वापरायची. मीही ते सरांचं एक म्हणणं म्हणूनच घेतलं होतं. त्यामागे खरा कॉक आणि खरी गळती असेल असं मनात आलं नाही.

ते कळलं मुलींच्या संडासामुळे. दिवाळीनंतर तो तुंबला. आठवी-नववीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या आणि परत यायच्या नाहीत. शाळेत बाई म्हणून मी एकटी, त्यामुळे मुख्याध्यापकांकडे तीनदा गेले. त्यांनी रिसोडच्या प्लंबरला फोन लावला. तो प्रत्येक वेळी उद्या येतो म्हणायचा. तीन आठवडे गेले. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी खोल्यांना कुलपं लावत होते, तर लठाड सर मागच्या बाजूला संडासाच्या पाण्याच्या चेंबरचं झाकण काढून गुडघ्यावर बसलेले. बाह्या पहिल्यांदाच कोपराच्या वर. हातांवर बारीक बारीक जुने डाग, काही भाजल्याचे, काही कापल्याचे. शेजारी एक गोणपाटाची पिशवी होती, तिच्यात पाने, करवत, वाकवलेली लोखंडी सळी.

मी नाकाला पदर लावून उभी राहिले. ते म्हणाले, "तुमी जा मॅडम, कुलूप मी लावतो." मी गेले नाही. अर्ध्या तासाने त्यांनी सळीने कापडाचा एक बोळा ओढून काढला, आणि मग सगळं पाणी एकदम घळघळत निघून गेलं. ते पाणी थांबेपर्यंत चेंबरकडे बघत बसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कपडा टाकत जाऊ नका, असं पोरीले तुमीच सांगा. माया तोंडून बरं नाही दिसत. आणि एक झाकणाचा डबा ठेवा आत."

"हे कुठे शिकलात सर?"

"पुण्याले. मावसभाऊ बिल्डिंगीची पाण्याची लाईन करतो. आठ उन्हाळे झाले, त्याच्या हाताखाली जातो." थोडं थांबून म्हणाले, "वाशीमातही करतो. संध्याकाळी, रविवारी. शाळेत सांगू नका."

सोमवारी मुली शेवटच्या तासापर्यंत बसल्या. पण गावात कोणीतरी सरांना चेंबरजवळ पाहिलं होतं. आठवड्याने संस्थेच्या अध्यक्षांनी बैठक बोलावली. गावातले एक वजनदार पालक आले होते. ते म्हणाले, "जो माणूस संडासात हात घालते, त्याच हातानं तो आमच्या पोरायच्या वह्या तपासते. हे बरं दिसते का?"

अध्यक्ष सरांना म्हणाले, "लठाड सर, अशा कामाले मानसं असतात."

'माणसं' म्हणजे कोण, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं.

"असतात साहेब," सर म्हणाले. "तीन हप्ते वाट पाह्यली. पोरी घरी जाऊन राह्यल्या होत्या."

"ते ठीक आहे. पण पुन्हा नका करू."

"पुन्हा तुंबलं तर?"

अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

दुसरा प्रसंग माझ्या घरचा आहे आणि तो सांगायला मला आवडत नाही. आमच्या वाशीमच्या घरात न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाझरत होती. दोन प्लंबर येऊन गेले. दोघांनी सगळ्या फरश्या फोडाव्या लागतील म्हणून सांगितलं. मिस्टरांनी हार्डवेअरच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, एक फिटर आहे, बोलत नाही फारसा, त्याला पाठवतो. रविवारी सकाळी सासूबाईंनी दार उघडलं. मी आतून कणकेच्या हातांनी आले, तर दारात लठाड सर. खांद्याला तीच गोणपाटाची पिशवी.

ते म्हणाले, "मले पत्ता नव्हता, हे तुमचं घर आहे म्हणून."

"या ना सर," मी म्हटलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्या पिशवीकडे.

त्यांनी आधी मेन कॉक बंद केला. घरातले सगळे नळ उघडून पाणी जाऊ दिलं, मग पुन्हा कॉक थोडासा सुरू केला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक भिंतीला लावलं, मूठ कानाला, आणि वितीवितीने सरकत गेले. डॉक्टर पाठ तपासतात तसं. आम्हाला कोणालाही बोलू दिलं नाही. शेवटी एका फरशीवर पेन्सिलने फुली केली आणि म्हणाले, "इथं." एकच फरशी फोडली. आत पाइपाच्या वळणावरच्या जोडाला, एल्बोला, केसाएवढी चीर होती. जोड बदलताना त्यांनी एक डबी उघडली आणि त्या उग्र वासाचा मला उलगडा झाला. पाइप चिकटवायचं सोल्युशन.

काम झाल्यावर सासूबाईंनी चहा आणला. कपबशीत नव्हे, खिडकीत कामाच्या माणसांसाठी वेगळा ठेवलेला पोचे पडलेला स्टीलचा ग्लास असायचा, त्यात. मला तो ग्लास ओळखू आला. सरांनाही ओळखू आला असणार. वाशीमात घरोघर असे ग्लास त्यांनी पाहिले असतील. मी बोलू शकले असते. आई, हे आमच्या शाळेतले सर आहेत, एवढंच वाक्य होतं. मी ते बोलले नाही. त्यांनी चहा प्याला, आपली डबी काढून साबणाने ग्लास धुतला आणि खिडकीत उपडा ठेवला.

सोमवारी शाळेत ते नेहमीसारखेच होते. फक्त म्हणाले, "भिंत आठ दिवस वाळू द्या, मंग रंग मारा." मी मनात माफीचं काही जुळवून ठेवलं होतं, ते तिथेच राहिलं. सासूबाई आता नाहीत. तो ग्लास आहे. मी त्यात कोणाला चहा देत नाही, पण टाकूनही दिलेला नाही.

त्यांच्या लग्नाचं जमत नव्हतं. शिक्षक म्हटलं की मुलीकडचे पुढे यायचे, विनाअनुदानित म्हटलं की मागे सरायचे. एकदा जऊळक्याचं स्थळ आलं. मुलगी वंदना, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिवणकामाचं स्वतःचं दुकान. सर मला म्हणाले, "घरात बाईमाणूस नाही. तुमी संगं चालसान का?" म्हणून त्यांचे वडील नारायणराव, एक काका, सर आणि मी, असे चौघं भाड्याच्या गाडीने गेलो.

पोहे झाले. मध्यस्थाने मुलाची माहिती सांगितली, बी.एस्सी. बी.एड., गणिताचे शिक्षक, निर्व्यसनी. वंदना समोर बसली होती, मान खाली नव्हती. मध्यस्थ म्हणाला, तुला काही विचारायचं असेल तर विचार. असं म्हणायची पद्धत असते; सहसा कोणी विचारत नाही.

तिने सरळ सरांना विचारलं, "वाशीमात माया मामाच्या घरी नळ तुमीच बसवले ना?"

नारायणराव म्हणाले, "तो मास्तर आहे, बाई."

"हो, ते सांगितलं आत्ता," वंदना म्हणाली. "म्या त्यायले इचारून राह्यली."

सर म्हणाले, "बसवले. मीच बसवले."

"काम चांगलं आहे म्हणे मामा. मंग मले एक सांगा, मायं लगन मास्तरशी होऊन राह्यलं का फिटरशी?"

"दोन्ही कामं करतो मी."

"करा ना. पण एकापासून लपवून दुसरं करता तुमी. उद्या मले दुकानात कोणी इचारलं, तुया नवरा काय करते, तं म्या कोणतं सांगू?"

सरांनी हातातली रिकामी ताटली खाली ठेवली. मग म्हणाले, "मले थोडे दिवस द्या."

"घ्या," ती म्हणाली आणि ताटल्या उचलायला लागली.

परतताना रेल्वे फाटक बंद होतं, तिथे थांबलो तेव्हा नारायणराव म्हणाले, "तोंडाळ आहे पोरगी. आपल्या घरात नाही चालनार."

मालगाडी गेली. फाटक उघडल्यावर सर म्हणाले, "बराबर बोलली ती."

त्याच सुमारास वाशीममध्ये मुलींच्या एका वसतिगृहाचं बांधकाम निघालं होतं. ठेकेदाराने सरांचं काम पाहिलेलं. तो म्हणाला, सगळी पाण्याची लाईन तुझ्याकडे देतो, पण संध्याकाळचा फिटर मला नको, दिवसभराचा पाहिजे. दिवाळीच्या आत सांग. आणि शाळेत पुन्हा बातमी होती, या अधिवेशनात अनुदान नक्की. ही बातमी दरवर्षीची, पण यंदा मुख्याध्यापक कागद गोळा करत होते, शिक्षकांच्या नावांची यादी तालुक्याला गेली होती, त्यामुळे ती थोडी खरी वाटत होती.

सरांनी एक महिना घेतला. त्या महिन्यात नारायणराव एकदा शाळेत आले. सर वर्गावर होते, हे पाहूनच आले असावेत. व्हरांड्यातल्या बाकावर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, तुमी त्याले समजावून सांगा. तुमचं आयकते तो."

"काका, नऊ वर्षं झाली त्यांना. पगाराशिवाय किती दिवस काढायचे?"

"नऊ काढले तशे आनखीन दोन. गावात मले लोकं मास्तरचा बाप म्हणून रामराम घालतात. पगार नाही, हे कोणाले माहीत आहे? मास्तर तर आहे. उद्या हा लोकायच्या मोऱ्या साफ करत फिरन, तं मले काय म्हणतीन?"

मी म्हटलं, मी बोलून बघते. त्यांना पाणी दिलं. ते उठताना म्हणाले, "त्याच्या मायनं त्याले पाटी आणून देल्ती. तिले वाटे पोरगा शिकवनारा व्हावा. शिकनारा नाही, शिकवनारा."

हे मी सरांना सांगितलं. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो, ते विज्ञानाच्या वह्या तपासत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माय असती तर तिले इचारलं असतं."

मग वही मिटून म्हणाले, "मॅडम, महिनाभर मी एक पाहून राह्यलो. सकाळी जाग आली की पहिले काय मनात येते. काम चालू असलं की काम येते. कुठं पाइपाचा ढाळ कमी पडला, कुठं जोड कच्चा वाटते. शाळा येते शनिवारी. शनिवार लवकर सुटते म्हणून."

मी हसले. ते हसत नव्हते.

"पण दहावीच्या वर्गात उभा राह्यलो की वाटते, हे कसं सोडू. त्यातले चार-पाच पोट्टे खरंच चांगले आहेत."

"मग?"

"मंग असं आहे, की वर्गात माया चुका दिसत नाहीत. एखाद्याले समीकरण नाही समजलं, तर ते पोट्टं गप बसते. मी पुढं जातो. दोन वर्षानं ते नापास होते, तोवर मले पत्ता नसते. पाइप गप नाही बसत. जोड चुकला तर अर्ध्या तासात तोंडावर पाणी येते. मले ते बरं वाटते."

मी म्हटलं, "यादी गेली आहे सर. दोन वर्षं कळ काढली तर जन्माचं होईल."

"होईन," ते म्हणाले. "तुमी काहून थांबल्या, मॅडम?"

"माझं वेगळं आहे."

"हो," एवढंच म्हणाले आणि पुढची वही उघडली.

दसऱ्यानंतर त्यांनी राजीनामा लिहिला. मुख्याध्यापकांना तो घ्यायचा कसा तेच कळेना. ते म्हणाले, "अरे, राजीनामा कशाचा देतो? तुले मान्यताच नाही अजून. उद्यापासून येऊ नको, झालं." पण सरांनी तो रेघा मारलेल्या कागदावर, वळणदार अक्षरात लिहून आणला होता आणि आवक नोंदवून घेतल्याशिवाय ते खुर्चीवरून उठले नाहीत. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'मी प्लंबिंगचे काम पूर्ण वेळ करणार आहे.' मुख्याध्यापकांनी 'घरगुती कारण' लिहा म्हणून सुचवलं. सर म्हणाले, "घरगुती काही नाही, सर."

दहावीला मात्र त्यांनी सोडलं नाही. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत दर रविवारी सकाळी सात ते दहा येऊन गणित घेत राहिले. शाळेची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून मला माहीत आहे. दहाला मोटारसायकलला पिशवी अडकवून वाशीमला जायचे, वसतिगृहाच्या कामावर. त्या रविवारांत त्यांच्या बाह्या वरच असायच्या. मुलांनी पहिल्या दिवशी हातांकडे पाहिलं, नंतर पाहिलं नाही.

फेब्रुवारीत लग्न झालं, वंदनाशीच. पत्रिकेवरून बाप-लेकात वाजलं. नारायणरावांना नावाखाली 'शिक्षक' पाहिजे होतं. सरांनी 'प्लंबर' छापून घेतलं. आमच्याकडे पत्रिका सरांनी आणून दिली. पुढे मंडपात एका म्हाताऱ्या नातेवाइकाच्या हातात मी तीच पत्रिका पाहिली. त्यात तो शब्द निळ्या पेनने पक्का खोडलेला होता. वडिलांनी आपल्या बाजूच्या सगळ्या पत्रिका बसून एकेक खोडल्या होत्या. सरांना ते दिसलं असेलच. वंदना माझ्या कानाशी म्हणाली, "खोडू द्या. त्यायले त्यायच्या मानसायले सांगायचं आहे, मले माया."

दुसऱ्याच वर्षी अनुदान आलं. सगळं नव्हे, पहिला टप्पा, पण आलं. माझा पगार सुरू झाला. लठाड सरांच्या जागेवर आठ महिन्यांपूर्वी लागलेला एक मुलगा कायम झाला. त्याला आपलं नशीब काय आहे ते कळलंही नसेल.

पुढच्या रविवारी मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. जाऊ की नको, असं दोन दिवस मनात चाललं होतं. वंदनाने दार उघडलं, पेढ्यांचा डबा घेतला आणि हळूच म्हणाली, "चार दिवस झाले, कामावर नाही गेले. फोन उचलत नाहीत."

सर आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. गुडघ्याला तेल लावलेलं; जमिनीवर बसून काम करून गुडघे धरायला लागले होते. मला पाहून म्हणाले, "अभिनंदन मॅडम. चांगलं झालं."

मी विचारायचं ठरवलं नव्हतं, पण विचारलं, "पस्तावा होतो का सर?"

"होते ना. खोटं काहून बोलू," ते म्हणाले. "एकच वर्ष राह्यलो असतो. बाबाचा फोन आला, त्यायले गावात कोणी सांगितलं. त्यायनं काही म्हटलं नाही. नुसतं म्हणे, आयकलं का. मी म्हटलं, आयकलं. त्यायनं फोन ठेवला."

वसतिगृहाच्या कामातही त्यांना सुख नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या मजल्याची लाईन तपासणीत दोनदा गळाली होती. चूक त्यांचीच, ढाळ काढताना झालेली. त्यांनी भिंत पुन्हा फोडून सगळी लाईन नव्याने टाकली, आणि ठेकेदार सगळ्या मजुरांसमोर म्हणाला, मास्तर लोकांना काम दिलं की असं होतं. हे ते तक्रार म्हणून सांगत नव्हते. ढाळ कुठे आणि कसा चुकला, ते त्यांनी मला पेढ्यांच्या डब्याच्या झाकणावर पेन्सिलने काढून दाखवलं. दाखवता दाखवता दोन पेढे खाल्ले.

वंदनाकडून नंतर कळलं की आणखी चार दिवसांनी ते आपले आपण उठून कामावर गेले. का, ते तिलाही सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

नारायणराव पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वाशीमला त्यांच्याकडे येऊन राहिले. डोळ्यावर हिरवी पट्टी, बाहेर जायचं नाही, म्हणून घरचा फोन ते उचलायचे. समोरून कोणी विचारायचं, लठाड फिटर आहेत का? म्हातारा म्हणायचा, "मास्तर कामावर गेले." रोज दहा-बारा फोन. त्यामुळे वाशीमच्या अर्ध्या गिऱ्हाइकांना वाटलं की या माणसाला मास्तरच म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानातही तेच नाव पडलं. सरांनी ना वडिलांना दुरुस्त केलं ना गिऱ्हाइकांना. बाप-लेक एकत्र जेवायला बसत होते की नाही, ते मला ठाऊक नाही.

मग पटसंख्या घटली, मी अतिरिक्त ठरले आणि समायोजनात मंगरूळपीरच्या पुढच्या एका शाळेत गेले, बिऱ्हाडही तिकडेच हलवलं. येणंजाणं तुटलं. फोन नंबर आहे, पण आपल्या घरचं काही बिघडल्याशिवाय प्लंबरला कोण फोन करतं.

गेल्या उन्हाळ्यात वाशीमला एका लग्नाला आले होते. परतताना पुसद नाक्याजवळ गाडीची वाट पाहत उभी होते. समोर एक नवं दुमजली घर, रंग अजून लागायचा होता. गच्चीवर काळ्या टाकीशेजारी एक माणूस उकिडवा बसला होता. उठताना त्याने आधी टाकीला हात टेकला, मग एक गुडघा सरळ केला, मग दुसरा. तेव्हा ओळखलं, लठाड सर. केस बरेच पिकले होते. बाह्या वर.

त्यांनी टाकीखालचा कॉक फिरवला आणि कठड्याशी येऊन खाली वाकले.

"आलं का?"

आतून बाईचा आवाज आला, "हवा येऊन राह्यली नुसती."

"राहू द्या चालू. येते."

ते तसेच वाकून उभे राहिले, मान थोडी तिरपी करून. मला वाटलं हाक मारावी. रस्त्यावर ट्रक होते, आवाज पोचला नसता. आणि खरं म्हणजे त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. माझी गाडी आली. मी चढून खिडकीशी बसले. गाडी निघता निघता आतल्या बाईने ओरडून सांगितलं, "आलं, मास्तर, आलं." त्यांनी वरूनच मान डोलावली आणि दुसऱ्या नळाचं विचारायला घराच्या मागच्या बाजूला गेले.